दार लाव, मग बोल

"दार लाव, मग बोल." बोलायला बसली की तिचं पहिलं वाक्य हे. तुम्ही उठायच्या आत स्वतःच उठायची, कडी लावायची, ओढून बघायची, परत येऊन बसायची. आणि मग हळूच सांगायची काय, तर आज शेवभाजीत मीठ जास्त पडलं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. गल्लीत सगळे सिस्टर म्हणायचे, तुम्हीही सिस्टरच म्हणा. ज्या देशात तिने नोकरी केली त्याचंही नाव नको. ती स्वतः नुसतं 'तिकडे' म्हणायची आणि हात खिडकीबाहेर करायची, जसा काही तो देश आमच्या जळगावजवळच्या नशिराबादच्या जरा पुढे हायवेला लागूनच आहे.

आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आली तेव्हा सामान काय, दोन बॅगा आणि एक पितळी डबा. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "अक्का, दाराला आतून कडी नाही."

मी म्हटलं, "अगं, वर तू एकटीच. खाली आम्ही. कडी कशाला?"

"तुम्ही खाली, म्हणूनच," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत सुतार आणून कडी बसवून घेतली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या गल्लीत दारं फक्त कुत्र्यासाठी लावतात. कोणाकडे पाहुणा आला, कोणाला कुठलं स्थळ आलं, कोणाची साखर किती निघाली, हे दुपारच्या पापडाबरोबर लाटलं जातं. आणि या बाईला विचारलं की जेवलीस का, तरी आधी आजूबाजूला बघून मग मान हलवायची.

एका जागी बसणं तिला जमत नव्हतं. तिकडे ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात नर्स होती, रात्रपाळीला या पलंगावरून त्या पलंगावर फिरायची. नोकरी सुटली पण फिरणं पायातच राहिलं. आमच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या असायच्या आणि ही त्यांच्या मधून फिरते आहे. एक बिबडी कधी तिच्या पायाखाली आली नाही. पण बघणाऱ्याच्या जिवाला घोर लागायचा.

माहेर शिरपूरच्या पुढचं. तिची अहिराणी ऐकावी अशी होती. इतकी वर्षं परदेशात राहून बाटली नव्हती, उलट बरणीतल्या लोणच्यासारखी होती तशी मुरलेली. तिच्या गावची पोरंही आता तसं बोलत नसतील. धुळ्याच्या भाच्याचा फोन आला की तिचं ठरलेलं, "मी ठीक शे. बठ्ठं ठीक शे. इतला ऊनमा तू कसाले येस?" तो येतो म्हणायचा आणि ही त्याला उन्हाचं कारण सांगायची. पौषातसुद्धा.

हा भाचा म्हणजे तिच्या एकुलत्या भावाचा मुलगा. भाऊ-भावजय गेलेले. याचं धुळ्यात मोटरसायकलच्या पार्टचं दुकान. तसा वाईट नव्हता हो. येताना शेव आणायचा, आत्याच्या पाया पडायचा. पण त्याची नजर बसायच्या आधी खोलीभर फिरून यायची.

आता मुद्द्याचं सांगते. तिकडे म्हणे पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापून ठेवतात, म्हातारपणाची पुंजी म्हणून. सिस्टरची ती पुंजी अजून तिकडच्याच खात्यात पडलेली. इकडच्या निवृत्तीच्या खात्यात ती वळवून घ्यायची, एवढंच तिचं काम होतं. वर्षभर ती त्याच्याच मागे होती. आपल्याला वाटतं, पैसे आपले, पाठवा म्हटलं की झालं. तसं नाही. तिकडचे लोक आधी खात्री करणार की मागणारी बाई खरंच तीच आहे आणि मनाने मागते आहे. शिवाय तिची कुठली माहिती इकडच्या बँकेला द्यायची आणि कुठली नाही, तेही तिलाच विचारणार. त्यांच्या पत्रातली एक ओळ तिने मला मराठी करून वाचून दाखवली होती, दार लावून. 'तुमच्या परवानगीशिवाय आम्ही तुमची माहिती कोणालाही देणार नाही, तुमच्या कुटुंबीयांनाही.' ते 'कुटुंबीयांनाही' तिने दोनदा वाचलं.

मी म्हटलं, "कुटुंबाला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?"

"कोणालाच नाही, अक्का. तेच तर."

कागद पाठवायला ती चौकातल्या नेटवाल्याकडे जायची, मी सोबत. तो नेटवाला भला माणूस, पण त्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तुमच्या चौकातलाही तसाच असेल. खुर्चीतूनच ओरडला, "सिस्टर, पासवर्ड काय टाकू?" दुकानात सातबारा काढायला आलेले दोघं-तिघं होते, त्यातला एक म्हणाला, "गावाचं नाव टाका, विसरत नाही." दुसरा म्हणाला, "देवाचं टाका." सिस्टरने नेटवाल्याला उठवलं, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः टाकला. निघताना म्हणाली, "माझ्या पासपोर्टचा फोटो राहिला तुझ्या मशीनमध्ये. पुसून टाक." त्याने पुसला. "आता कचऱ्याची पेटी पण रिकामी कर." तो म्हणाला, "मावशी, मी काय चोर आहे का?" ही म्हणाली, "नाही रे बाबा. म्हणून तर तुला तोंडावर सांगते. चोराला कोण सांगतं?"

आणखी एक गंमत. त्या लोकांनी ओळख पटवायला एक गुपित प्रश्न ठेवलेला, आईचं माहेरचं आडनाव काय. मी पोट धरून हसले. आपल्याकडे हे गुपित? आपल्याकडे बाईला जन्मभर हाकच माहेरच्या गावाने मारतात. माझी शेजारीण घ्या, तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागेल. आमच्यासाठी ती नशिराबादवाली. सिस्टर हसली नाही. म्हणाली, "म्हणूनच मी खोटं आडनाव दिलंय." आणि मग ते खोटं आडनाव ऐन वेळी विसरेल या धास्तीने दिवसभर गच्चीवर पुटपुटत फिरायची. मी खालून कान लावला तर गप्प व्हायची.

शेवटी त्यांचा दिवस ठरला. फोनवर समोरासमोर बोलणार, तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. सिस्टर आदल्या दिवशी खाली आली आणि म्हणाली, "उद्या दुपारी माझ्याकडे वर कोणी येऊ नका."

तिथेच चुकलं बघा. आमच्या गल्लीत कोणी 'येऊ नका' म्हटलं की समजायचं, माणूस संकटात आहे. मुलाखत असो, कोर्टाची तारीख असो, डॉक्टरकडचा रिपोर्ट असो, अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही ही आमची रीत. तोंडाने काही बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. तेवढाच आधार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटीत दही-साखर घेतली आणि वर गेले. माझ्या मागे नशिराबादवाली, तिच्या मागे तिची जाऊ. सिस्टरचा फोन डब्याला टेकून उभा होता आणि पलीकडून बोलणं सुरू झालेलं. कडी लावायची ती एरवी विसरली नसती, पण त्या दिवशी ओढून बघायची राहिली असणार, कडी नीट बसली नव्हती. आम्ही आवाज न करता आत शिरलो आणि भिंतीला टेकून ओळीने बसलो. सिस्टरची पाठ आमच्याकडे. आम्ही खाली जमिनीवर, त्यामुळे तिला कळलंही नाही आणि फोनमध्येही दिसलो नाही.

पलीकडची मुलगी चष्म्याची, गोड आवाजाची. तिने काहीतरी विचारलं. सिस्टरने फोन उचलला आणि खोलीभर फिरवून दाखवू लागली. त्यांचा नियम असतो, खोलीत दुसरं कोणी नाही ना ते बघायचं. पलंग दाखवला, कूलर दाखवला, कपाट दाखवलं, आणि मग आम्ही तिघी. मी चमचा हातात धरून. मला काय करावं सुचेना, मी नमस्कार केला.

पलीकडची मुलगी एकदम गंभीर झाली. काहीतरी विचारायला लागली, आमच्याकडे बघून. नशिराबादवालीला वाटलं, आपली ओळख विचारते आहे. ती मान हलवत म्हणाली, "येस, येस." सिस्टरने डोळे मिटून घेतले. नंतर तिने सांगितलं तेव्हा कळलं. ती मुलगी विचारत होती, या बाया तुम्हाला काय बोलायचं ते शिकवतात का?

बोलणं तिथेच तुटलं. संध्याकाळी त्यांचं पत्र आलं. तुमच्या सुरक्षेसाठी काम थांबवलं आहे. एकदा पुन्हा बोलू. तेव्हाही खात्री पटली नाही, तर स्वतः इथे हजर व्हावं लागेल. आता हजर कशी होणार? तिला हृदयाचं दुखणं होतं, विमानात बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे पुढची वेळ हुकली की जन्माची कमाई समुद्रापलीकडेच राहणार.

दुसऱ्या दिवशी ती भर उन्हात गच्चीवर फिरत राहिली. बिबड्या काढून घ्यायला मी वर गेले, तर फरशीने पाय भाजत होते आणि ही चप्पल न घालता चालते आहे. मी म्हटलं, "सिस्टर, शिव्या दे, पण सावलीत ये."

खोलीत आलो. तिने कडी लावली, ओढून बघितली. मग म्हणाली, "अक्का, तिकडे हे काम मी करायची."

"कुठलं?"

"बाहेर काढायचं. म्हाताऱ्याची मुलं सही घ्यायला यायची. ऑफिसची माणसं म्हणायची, आम्हाला एकट्याशी बोलायचं आहे. मग मी मुलांना म्हणायची, एक मिनिट बाहेर थांबा. ती रागवायची माझ्यावर. एक म्हातारा होता. मुलगा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायचा, रोज फळं आणायचा. सगळ्या नर्सा म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. त्या दिवशी मुलगा बाहेर गेला, मी दार लावलं, आणि म्हातारा म्हणाला, मला सही करायची नाही. मुलासमोर मला तसं बोलता येत नाही, तो इतकं करतो माझं."

मी काखेतली पाटी खाली ठेवली.

"वाईट माणसासमोर बोलता येतं गं," ती म्हणाली. "मायेच्या माणसासमोर तोंड उघडत नाही. म्हणून दार लागतं."

नवी तारीख आली. आणि ती तारीख आमच्याआधी धुळ्याला पोचली. कोणी पोचवली विचारू नका, नशिराबादवालीच्या जावेचं माहेर धुळ्याचं आहे एवढंच सांगते. भाच्याचा फोन आला. "आत्या, एवढं मोठं काम एकटीने करतेस? घरचं माणूस जवळ हवं. मी येतो." ती म्हणाली, इतला ऊनमा कसाले येस. पण त्या दिवशी ऊन खरंच होतं आणि तो खरंच निघाला.

तारखेच्या दिवशी ऐन दुपारी हा दारात. शेवेची पिशवी, घामाघूम, हातात दोन फोन. "अक्का, आत्या वर आहे ना?" आणि पाय जिन्याकडे.

वर दार लागलेलं. तिने कूलर बंद केलेला, आवाज नको म्हणून. पंखाही बंद. जळगावातला मे महिना आणि बंद खोली. त्याला 'जाऊ नको' म्हणावं तर तो जाणारच, आत्ताच आम्ही तो धडा शिकलो होतो.

मी म्हटलं, "भाऊ, धुळ्याहून आलास, तोंड सुकलंय. आधी दोन घास खा."

"नंतर, अक्का."

"ताट वाढलंय," मी म्हटलं.

वाढलं नव्हतं. पण आपल्याकडे वाढलेलं ताट सोडून उठत नाहीत, हे त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं, देव तिचं भलं करो. तो पाटावर बसला. मी आमरस वाढला, पोळी वाढली. त्याने भराभर खाल्लं. मी दुसरी पोळी वाढली. तो म्हणाला बस. मी तूप वाढलं. तो ताटावर हात आडवा धरतो, मी हाताच्या बाजूने वाढते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर नशिराबादवाली बिबड्यांची पाटी घेऊन अशी ऐसपैस बसलेली की मांजर वर जाणार नाही. तिने गल्लीभर सांगून ठेवलेलं, मिक्सर लावायचा नाही, भांडी आपटायची नाहीत, पोरांना आत घ्या. जी गल्ली दुपारभर बडबडते ती श्वास धरून बसली होती. बाहेरून केळीवाला आला, त्यालाही कोणीतरी खुणेने पुढे पाठवलं.

मला वर जाऊन कान लावावासा वाटत होता. आता लपवून काय करू, वाटत होता. जिना सहा पावलांवर. पण माझ्या एका हातात रसाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात डाव, आणि हा बाबा उठायला टेकलेला. मी वाढत राहिले.

"अक्का, आता फुटेन मी," तो म्हणाला.

तेवढ्यात वरची कडी वाजली.

सिस्टर खाली आली ती घामाने अशी भिजलेली की नदीतून निघाली वाटावी. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, होकाराची. मग मोरीजवळ गेली, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्या मुलीने शेवटी विचारलं, ही तुमची स्वतःची इच्छा आहे ना? अक्का, मला आजपर्यंत हे कोणीच विचारलं नव्हतं. जाताना नाही, येताना नाही."

भाचा ताटावरून उठला होता. "आत्या, झालं का काम? किती आले? नॉमिनी कोणाला लावलं?"

ती वळली. त्याच्या ताटाकडे बघून म्हणाली, "पोटभर जेवलास ना रे?"

पुढे पैसे आले म्हणे. मी 'म्हणे' म्हणते, कारण ते तिने सांगितलं नाही. एक दिवस गच्चीवर फिरली नाही, त्यावरून मी ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फिरायला लागली. मला वाटलं होतं आता थांबेल. पण ते पाय पैशासाठी फिरत नव्हते, इतकं तेव्हा कळलं. कशासाठी फिरत होते ते अजून कळलेलं नाही.

ती गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, भरिताच्या दिवसांत. सकाळी दुधाची पिशवी पायरीवर तशीच होती. मी हाक मारली, मग नशिराबादवालीने मारली. मी म्हटलं, आता दार फोडावं लागणार, आतून कडी असणार. कोणीतरी सुताराकडे धावलंसुद्धा. मी नुसता हात लावला आणि दार उघडलं. कडी लावलेली नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. विसरली, की आमच्यासाठी काढून ठेवली, यावर गल्लीत दोन मतं आहेत. माझं मत विचाराल तर ते रोज बदलतं.

तेराव्यानंतर भाचा तिचं सामान न्यायला आला. दोन बॅगा, पितळी डबा. निघताना माझ्याजवळ घुटमळला. "अक्का, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या. तुम्हाला माहीत असणार. किती होते? कोणाच्या नावाने केले?"

मी म्हटलं, "दार लाव, मग सांगते."

त्याने दार लावलं. लगबगीने जवळ येऊन बसला. मी म्हटलं, "मला काहीच माहीत नाही रे भाऊ. ज्याच्या नावाने असेल त्याला त्यांचं पत्र जाईल. तुला आलं तर मला सांगू नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. विश्वास बसला नाही त्याचा, आणि का बसावा, मी गप्प बसणारी बाई असं मला कोणी कधी म्हटलं आहे? मला वाटलं आता उठेल. उठला नाही. खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "पैशाचं जाऊ द्या. ती माझ्याबद्दल कधी काही बोलायची का?"

हे मात्र मला माहीत होतं. एकदा बोलली होती, आमरसाच्या त्या दिवशी, तो गेल्यावर.

ते मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं, डोळे पुसले. मग डबा काखेत घेऊन धुळ्याच्या गाडीला गेला.

काय बोलली होती ते तुम्हालाही ऐकायचं असणार, मला ठाऊक आहे. मीही तुमच्यातलीच. पण इथे कसं सांगू? इथे दार उघडं आहे.